पंधरा हजारांत का भागत नाही?

"मॅडम, माझाच हात सैल आहे का हो? खरं सांगा."

खुर्चीत बसायच्या आधीच ताईंनी हे विचारलं. नोव्हेंबर २०२४, दिवाळी नुकतीच झाली होती. मी नाशिकमध्ये कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की त्यातली एक गोष्ट नीट लिहून काढावी असं फार दिवस मनात होतं. ताईंना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

नवरा अंबडच्या एका कारखान्यात फिटर. मुलगी दहावीत, मुलगा सातवीत, सासूबाई सोबत. पगार झाला की दादा पंधरा हजार ताईंच्या हातावर ठेवायचे. त्यात किराणा, भाजी, दूध, गॅस, सगळ्यांची औषधं आणि मुलांचं वरचं किरकोळ. शाळेची फी, वीजबिल आणि घराचा हप्ता ते स्वतः बघायचे. हा पंधराचा आकडा जानेवारी २०२१ मध्ये ठरला होता. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता.

भांडण पेटलं ते दिवाळीच्या साफसफाईत. साड्यांच्या खाली बचत गटाचं पासबुक सापडलं, वीस हजारांचं कर्ज. कुणाला दिलेस, माहेरी पाठवलेस का, इथपर्यंत बोलणं गेलं. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही नाही का भागवलं याच्यापेक्षा कमी पैशात?" हे 'भागवणं' मी रोज ऐकते. भागलं तर कुणाचं लक्ष जात नाही, आणि नाही भागलं तर ती बाईची अक्कल.

मी ताईंना विचारलं, जुना काही हिशोब आहे का? वही नव्हती. पण करोनाच्या काळात दुकानात गर्दी नको म्हणून त्या दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवायच्या, आणि ती सवय पुढे तशीच राहिली. चार वर्षांच्या याद्या मोबाइलमध्ये तारखेनिशी पडून होत्या. ताईंना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला मात्र तिथेच हायसं वाटलं, कारण त्या याद्या रुपयांत नव्हत्या. किलोत होत्या.

पुढच्या वेळी दोघांनाही बोलावलं. दादा आले, पण हाताची घडी घालून बसले. मी दोन याद्या कागदावर शेजारी शेजारी उतरवून त्यांच्यासमोर ठेवल्या, जानेवारी २०२१ ची आणि ऑक्टोबर २०२४ ची. तूरडाळ ४ किलो, आता अडीच. तेल ५ लिटर, आता ४. शेंगदाणे २ किलो, आता १. साजूक तूप अर्धा किलो, आता ती ओळच नाही. दूध दीड लिटरवरून एक लिटरवर आलेलं. आणि सामान इतकं कमी होऊनही दुकानदाराचं बिल मात्र दीड हजारानं जास्त.

दादांनी दोन्ही याद्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे आपण घरात डाळ कमी खातोय?"

ताई खाली बघत म्हणाल्या, "तुमच्या ताटात कमी नाही."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मीही बोलले नाही.

त्याच बैठकीत पाणी प्यायला ताईंनी पर्स उघडली आणि बीपीच्या गोळ्यांची पट्टी मला दिसली. पंधरा गोळ्यांची पट्टी त्या महिनाभर पुरवत होत्या, दिवसाआड एक. "त्रास काही जाणवत नाही ना, मग चालतं," म्हणाल्या. बीपीचं तेच तर वाईट आहे, जाणवत नाही. त्या दिवशी मी पैशाचं बोलणं तिथेच थांबवलं आणि आधी डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांना विचारून त्यांनी जनऔषधी केंद्रातून त्याच औषधाच्या गोळ्या घेतल्या, बऱ्याच स्वस्त पडल्या. हे वाचणाऱ्या प्रत्येकीला हात जोडून सांगते, काटकसर डाळीवर करा, कपड्यांवर करा, पण रोजच्या गोळीवर करू नका. आणि घरातल्या पुरुषांनी एकदा बायकोच्या गोळ्यांची पट्टी मोजून बघा.

तिसऱ्या बैठकीत आकडेमोड केली. महागाई वर्षाला साडेपाच टक्के धरली, तर आज १०० रुपयांना मिळणारं सामान चार वर्षांनी १२४ रुपयांना पडतं. म्हणजे २०२१ मध्ये १५,००० मध्ये चालणारं घर तसंच चालवायला २०२४ च्या शेवटी १८,६०० हवेत. फरक ३,६०० चा, तोही दर महिन्याला. कुणी उधळपट्टी केलेली नाही, कुणी माहेरी दिलेले नाहीत. पंधरा हजार जागेवरच झिजले.

बरं, हा झाला सरासरीचा हिशोब. सरासरीत कपडे, प्रवास, फोन, सगळंच येतं. देशभरच्या २०२३-२४ च्या घरखर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबाचा खाण्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या ४० टक्क्यांच्या आसपास निघाला. ताईंच्या पंधरा हजारांत खाण्यापिण्याचा वाटा याहून कितीतरी मोठा होता, कारण तो विभागच त्यांच्याकडे होता. त्यामुळे बातमीतली महागाई आणि ताईंची महागाई एक नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशाचा किरकोळ महागाईचा दर ६.२१ टक्के होता, आणि त्याच महिन्यात भाज्या वर्षभरापूर्वीपेक्षा ४२ टक्क्यांनी महाग होत्या. लसूण तर लोक पाव किलोऐवजी छटाकानं घेत होते. सप्टेंबरात सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, आणि आपलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येत असल्यामुळे ऐन फराळाच्या तोंडावर डबा महागला. दादांना याचा पत्ता नव्हता, कारण ते भाजी आणायला जातच नव्हते. मी त्यांना एकच काम दिलं. महिनाभर रविवारचा बाजार तुम्ही करा, ताईंची यादी घेऊन.

पण ही गोष्ट एकट्या ताईंची नाही. याद्यांचा कागद बघून झाल्यावर दादांनी स्वतःचं सांगायला सुरुवात केली, आणि ते मी विचारलं नव्हतं. घराचं पंधरा लाखांचं कर्ज, बदलत्या व्याजाचं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, आणि त्यामागे घराच्या कर्जाचं व्याजही चढलं. कर्जाची वर्षं लांबवायची नाहीत म्हणून दादांनी हप्ता वाढवून घेतला होता, साडेअकरा हजारांच्या घरातला हप्ता चौदा हजारांच्या जवळ गेला. त्यात कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला. त्यांनी कामगारांच्या पतपेढीतून तीस हजार उचलले होते. घरी माहीत नव्हतं. "हिला कशाला घोर लावायचा," म्हणाले.

ताईंनी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं. "आणि मी काय करत होते?"

मला या कामात सगळ्यात जास्त पोळतं ते हेच. दोन माणसं एकमेकांना त्रास नको म्हणून आपापल्या कोपऱ्यात कर्ज काढतात, आणि शेवटी ते लपवणंच विश्वासघातासारखं दिसतं. तो वीस हजारांचा आकडा पतपेढीच्या तीस हजारांच्या शेजारी लिहिला, तेव्हा कुठे दोघं एका बाजूला आली.

पुढचं फार मोठं नव्हतं. दादांचा पगार आणि सगळे हप्ते एका कागदावर आणले. १८,६०० देणं शक्यच नव्हतं, तेवढे पैसे घरात नव्हते. सतरा ठरले. उरलेल्या सोळाशेसाठी काय कमी करायचं हे दोघांनी बसून ठरवलं, ताईंनी एकटीनं नाही. तिथे याद्या पुन्हा उपयोगी पडल्या. ज्या वस्तूचे किलो तेच आणि रुपये वाढले, ती महागाई. तिथे कुणाला बोलायचं नाही. जिथे किलोच वाढले, ती सवय. तिथे बोलायचं. घरात तशा दोन गोष्टी निघाल्या. मुलांची पाकिटातली खाणी, आणि घरातले चार मोबाइल. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले होते, आणि सासूबाईंच्या फोनवर रोजच्या दोन जीबी डेटाचा प्लॅन टाकलेला होता. त्या फक्त फोन उचलत होत्या.

गटाचं कर्ज चालू ठेवलं, पण एक नियम केला. शिलाई मशीनसाठी, फीसाठी, आजारपणासाठी गटाचे पैसे घ्यावेत, रोजच्या किराण्यासाठी नाही. किराणा पुढच्या महिन्यात पुन्हा भरावाच लागतो आणि हप्ता डोक्यावर तसाच राहतो. आणि दर जानेवारीला, दादांची पगारवाढ होवो न होवो, घरखर्चाचा आकडा पुन्हा मांडायचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. प्रत्येक घरात दादांसारखा माणूस नसतो. हातात पैसा असून जो घरखर्चाला देत नाही, पै-पैचा जाब विचारतो, बायकोची कमाई काढून घेतो, तिथे प्रश्न महागाईचा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचार मानलाय. तिथे याद्या शेजारी ठेवून काही होत नाही, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा.

ताईंचा फोन आला तो बरोबर वर्षानं, नोव्हेंबर २०२५ मध्ये. आवाजात थोडी धास्ती. "मॅडम, हे म्हणतात महागाई संपली, शून्यावर आली असं बातमीत सांगितलं. मग जानेवारीत आकडा कमी करायचा का?" ऑक्टोबरचा दर ०.२५ टक्के आला होता, ही बातमी खरी होती. पण दर खाली आला म्हणजे भावांचं चढणं जवळजवळ थांबलं, चार वर्षांत जे चढले ते सगळे खाली आले असं नाही. गाडीचा वेग शून्यावर आला म्हणून ती घाट उतरून पायथ्याशी येत नाही, जिथे पोचली तिथेच उभी राहते. शिवाय सरासरीच्या पोटात पुन्हा वेगवेगळं होतं. भाजी आणि डाळी खरोखरच उतरल्या होत्या, तेल मात्र चढलेलंच होतं. सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाल्यानं साबण, टूथपेस्ट, बिस्किटं थोडी स्वस्त झाली होती. रेपो दर उतरल्यानं दादांचा हप्ताही थोडा हलका झाला होता.

म्हटलं, "आकडा तसाच ठेवा. आधी जुनी यादी काढा, आणि बघा त्यातलं काय परत आणता येतं."

दोन दिवसांनी त्यांनी मला दुकानदाराला पाठवलेली यादीच पुढे पाठवली. वर दादांची टीप होती, रविवारी सामान मी घेऊन जाईन म्हणून. खाली पहिल्या ओळीत तूरडाळ ४ किलो. तुपाची ओळ परत आली होती, पाव किलोची.