वाचकांचे प्रश्न : हर्णैला जायचे, पण केव्हा?

प्रश्न : जूनच्या पहिल्या आठवड्यात आई-वडील आणि दोन मुलांसह कोकणात दापोलीजवळच्या हर्णै बंदराला जाण्याचा विचार आहे. मासळीचा लिलाव पाहावा, ताजी मासळी घ्यावी आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्लाही करावा, अशी इच्छा आहे. यासाठी किती दिवस ठेवावेत? होडीवाल्याला फोन केला, तर तो वेळ सांगण्याचे टाळतो. असे का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : दिवस किती ठेवावेत यापेक्षा ते कोणत्या महिन्यात ठेवावेत, हा आपल्या बाबतीत महत्त्वाचा प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या प्रजननाचा हा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. त्यामुळे आपण म्हणता त्या आठवड्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या दिसतील, लिलाव होणार नाही आणि किल्ल्यावर जाणारी होडीही मिळणार नाही. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवळतो, परंतु मुलांना घेऊन निवांत जायचे असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत. शिमग्याचे दिवस मात्र टाळावेत, कारण सणासाठी खलाशी घरी असतात आणि बंदर थंडावलेले असते.

होडीवाला वेळ टाळतो, त्यात लबाडी नाही. त्याचे घड्याळ भरती-ओहोटीचे असते आणि ते रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की पक्षातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. म्हणजे अष्टमीला सुमारे सहा वाजता आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे, सकाळी आणि रात्रीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब ढोबळ आहे, पण घरून निघण्यापूर्वी दिवस ठरवायला पुरतो. अखेरचा शब्द तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, मानावा.

लिलाव सकाळी आणि सायंकाळी होतो. होड्यांतून मासळी किनाऱ्यावर आणण्यासाठी येथे बैलगाडीचाही उपयोग होत आला आहे, आणि ते दृश्य पाहण्यासाठी पर्यटक नेमके वाटेतच उभे राहतात. तेथे बोली लावणारे बहुतेक व्यापारी असतात, ढिगांचा सौदा काही क्षणांत तुटतो आणि एका घरापुरती मासळी त्या घोळक्यात मिळत नाही. त्यासाठी बाजूला वाटे लावून बसलेल्या मावशींकडे जावे. भाव जरूर करावा, पण चार वाटे हाताळून, फोटो काढून काहीच न घेता उठू नये. भर धंद्याच्या वेळी त्यांची जागा अडवणे त्यांना महागात पडते. फोटो हवा असल्यास आधी विचारावे, आणि नकार मिळाल्यास तो हसून स्वीकारावा.

सुवर्णदुर्गाबद्दल आई-वडिलांच्या दृष्टीने थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. होडीत चढता-उतरताना पाण्यात पाय घालावे लागतात आणि आत पडके अवशेष व झाडोरा आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी किनाऱ्यालगतच्या कनकदुर्गावरूनच तो पाहावा. तेथे दीपगृह आहे आणि तिन्ही बाजूंनी समुद्र दिसतो. मुलांना मात्र अवश्य न्यावे. महादरवाज्याच्या पायरीवर कोरलेले कासव आणि भिंतीवरचा मारुती ती स्वतः शोधतील. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे एक महत्त्वाचे ठाणे होते. पुढे 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी आंग्र्यांविरुद्ध हातमिळवणी केली आणि इंग्रज आरमाराचा अधिकारी कमोडोर जेम्स याने हा किल्ला जिंकला. स्वकीयांनीच परक्याचे आरमार बोलावले, ही गोष्ट मुलांना किल्ल्यावरच सांगावी. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये त्याचा समावेश आहे.

या सर्वांसाठी दोन मुक्काम पुरेत. रेल्वेने खेडला उतरून दापोलीमार्गे हर्णैला जाता येते.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. हर्णैसारख्या मासळीच्या गावात जेवणाची आबाळ होईल का? — एक वाचक, अमरावती

उत्तर : होणार नाही. जवळच्या मुरूड आणि आंजर्ले या गावांत घरगुती शाकाहारी जेवण मिळते; फक्त आदल्या दिवशी कळवावे, कारण तेथे माणसे मोजूनच स्वयंपाक होतो. बंदरावर सुकत घातलेल्या मासळीचा वास मात्र येणारच, आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार पाहुण्याला नाही.