निःशेष, बाकी आणि ताटातलं उष्टं

पाचवीला गणित शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलंय: 'निःशेष भाग जातो' ही द्विरुक्ती नाही का? भाग जातो म्हणजेच काही उरत नाही, मग वर 'निःशेष' कशाला?

नाही बाई, द्विरुक्ती नाही. 17 भागिले 5 फळ्यावर सोडवताना आपण काय बोलतो? 'पाच त्रिक पंधरा, तीनचा भाग गेला, बाकी दोन.' म्हणजे भाग गेला की! आणि त्याच तोंडाने पुढच्या मिनिटाला म्हणतो, '17 ला 5 ने भाग जात नाही.' एकाच 'जाण्या'चे हे दोन अर्थ आहेत आणि त्यांतला दुसरा नेमका सांगायचा तर 'निःशेष' लागतो. फक्त तो विसर्गासकट लिहा. 'निश्शेष' लिहिलंत तरी व्याकरण हरकत घेणार नाही. 'निशेष' नावाचा शब्द मात्र मराठीत नाही, तरी सरावाच्या पुस्तकांत तोच पुनःपुन्हा भेटतो. तसंच 'भागाकार जात नाही' हेही थांबवा. भाग जातो, भागाकार येतो.

आणि आता विषय निघालाच आहे म्हणून. परवा शिकवणीच्या एका व्हिडिओत ऐकलं: 'उरलेली बाकी शिल्लक राहते दोन.' उरलेली, बाकी, शिल्लक, राहते! एवढ्याशा दोनाला उचलायला चार खांदेकरी!

असो. तुमच्या शब्दातली खरी गंमत 'शेष' मध्ये आहे. संस्कृतात 'शिष्' म्हणजे मागे उरणं किंवा उरू देणं. अवशेष, अवशिष्ट सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडून देऊ. याच धातूला 'उद्' लावून होतं 'उच्छिष्ट', म्हणजे जेवून झाल्यावर ताटात उरलेलं. आणि उच्छिष्ट प्राकृतातून घासत घासत आपल्याकडे आलं ते 'उष्टं' होऊन. म्हणजे भागाकाराच्या तळाशी उरणारा शेष आणि खरकट्या ताटातलं उष्टं ही एका आईची लेकरं.

इथेच थांबलो असतो, पण वरच्या संख्येकडे बघा. भाग, भाज्य, भाजक, विभागणी हे सगळं 'भज्' धातूचं कुटुंब. भज् म्हणजे वाटून देणं. त्याचं रूप 'भक्त'. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (साधारण 1150) भक्त शब्द दिसला की देवळाकडे बघू नका, तिथे त्याचा अर्थ 'भागलेला' असा आहे. याच भक्ताचा संस्कृतात आणखी एक अर्थ आहे: अन्न, शिजवलेला तांदूळ. भक्त, मग प्राकृतात भत्त, मग आपला भात! वाढलेला भात म्हणजे वाटून आलेला वाटा.

आता माझा सिद्धान्त ऐका. मित्रमंडळींत तो बराच बदनाम आहे, पण मी सोडलेला नाही. भागाकाराची ही भाषा पाटीवर जन्मलेलीच नाही, ती पंगतीत जन्मली. जे वाटलं ते भक्त, त्याचा झाला भात. वाटून जे उरलं ते शेष, त्याचं झालं उष्टं. बाळाच्या उष्टावणात तर भाताचं शीत आणि 'उष्टं' हा शब्द दोन्ही एकाच घासात येतात. एक संस्कृतज्ञ स्नेही यावर म्हणतात, की 'भागलेला' आणि 'अन्न' हे अर्थ आपापल्या वाटेने वाढले, कवीसारखं त्यांचं लग्न लावू नये. अहो, पण लग्न मी कशाला लावू? धातू एक, प्रत्यय एक, रूप एक. कोशात 1 आणि 2 असे आकडे घालून अर्थ वेगळे मांडता येतात, म्हणून ते वेगळ्या घरचे होत नाहीत.

उलट उत्साही मंडळी मग 'भाजी'लाही 'भाजक'च्या दावणीला बांधतात. नको. भाजणं आलं ते 'भृज्ज्' मधून, तिथे विस्तव आहे, वाटणी नाही. 'थकला-भागला' मधला भागलाही वेगळा, तो 'भग्न' मधून आलेला, मोडून गेलेला माणूस. पण 'पगारात भागत नाही' मधलं भागणं मी वाटणीतलंच मानतो. जितकी तोंडं तितके वाटे पडले, तर भागलं.

आता शुद्धिवाल्यांकडे वळू. 'बाकी' परकी, म्हणून वर्गात 'शेष'च म्हणा, असा एक आग्रह असतो. बाकी अरबीतून फारसीच्या बोटाला धरून आली, हे खरं. पण मग वजाबाकीचं काय करणार? त्यातला 'वजा'ही अरबीच. 'व्यवकलन' हा जुना संस्कृत शब्द आहे. दुसरीतल्या पोराला 'हातच्याचं व्यवकलन' करायला सांगून बघा. थकबाकी कुठे टाकणार? आणि 'बाकी काय म्हणता?' ऐवजी 'शेष काय म्हणता?' विचारलंत, तर समोरचा आधी तुमचं कपाळ चाचपेल. शिवाय मौज अशी, की हे दोन्ही शब्द शेवटी एकाच ठिकाणी पोचतात. प्रलयात सगळं बुडाल्यावर जो उरतो तो शेष, म्हणूनच तो अनंतही. आणि इस्लामी परंपरेत ईश्वराच्या नव्व्याण्णव नावांतलं एक अल्-बाक़ी, म्हणजे सदैव उरणारा. इतक्या थोर घरच्या दोन शब्दांना आपण वर्गात एकमेकांवर सोडतो.

उरलेल्याला हलकं समजू नका, हे पंचांगवाल्यांना केव्हाच कळलं होतं. शके 1947 चा संवत्सर काढायचा, तर त्यात 12 मिळवा, 1959 झाले. 60 ने भागा. भागाकार आला 32, तो फेकून द्या, त्याचं काही काम नाही. बाकी 39, आणि एकोणचाळिसावा संवत्सर विश्वावसु. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. वारही असाच निघतो, दिवसांच्या मोजणीला 7 ने भागून. आपण उष्टं टाकतो आणि अन्न ठेवतो, इथे नेमकं उलटं. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात तर उच्छिष्टावर अख्खं सूक्त आहे, सारं जग त्या उरलेल्यातच सामावलं आहे म्हणणारं. तिथे ते यज्ञातलं उरलेलं, हे मान्य. पण शब्द तोच.

हं, बाईंच्या प्रश्नाचा एक धागा राहिला. 17 रुपये पाच जणांत जुन्या हिशोबाने वाटून बघा. प्रत्येकी 3 रुपये, उरले 2. त्यांचे 32 आणे, प्रत्येकी 6, उरले 2. त्यांचे 24 पै, प्रत्येकी 4, आणि तरीही शेवटी 4 पै शिल्लकच. 1957 च्या एप्रिलात दशमान नाणी आली आणि तेच 17 रुपये त्याच पाच जणांत प्रत्येकी 3 रुपये 40 पैसे असे निःशेष वाटले गेले. संख्या बदलल्या नाहीत, चिल्लर बदलली. तेव्हा बाई, प्रश्नपत्रिकेत 'निःशेष' तर ठेवाच, पण सोबत 'पूर्ण संख्यांत' हेही घाला. नाहीतर एखादं पोर 3.4 लिहून, बाकी शून्य दाखवून मार्क मागेल आणि तुम्हाला ते द्यावे लागतील.