दर पंधरा दिवसांनी रक्ताची साक्ष

"मॅडम, एसजीपीटी वाढलंय. लिव्हर गेलं का?" तपासणीची पॅकेजेस गल्लोगल्ली आल्यापासून यकृताच्या या रक्ततपासणीबद्दलचा हा प्रश्न माझ्या सांगलीतल्या समुपदेशनाच्या खोलीत सारखा येतो. म्हणून एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वय ४६. हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. गळ्यात तुळशीची माळ. साडेतीन महिन्यांत चार लॅबमधून सात रिपोर्ट: एसजीपीटी कधी ६८, कधी ५९, कधी ७४. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठलेली. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा. यांनी नवी लॅब शोधली.

मी विचारलं, "सकाळी दुकानात फरशीवर हळद सांडलेली दिसली तर?"

"कुठलं पोतं उसवलंय ते बघतो."

"पेढी बुडाली म्हणून कपाळाला हात लावत नाही?"

पहिल्यांदाच हसले.

एसजीपीटी म्हणजे ती सांडलेली हळद. हे प्रथिन यकृताच्या पेशींत असतं. पेशी दुखावल्या की रक्तात उतरतं. यकृत काम किती करतंय ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन बघतात, ते यकृतच बनवतं. यांचं दर वेळी ४ च्या वर, म्हणजे ठीक होतं. पण फरशी स्वच्छ दिसली म्हणूनही गाफील राहू नये. एसजीपीटी नॉर्मल असताना आत जखमांचे वण साचत असू शकतात. म्हणून डॉक्टर वय, एसजीओटी (पेशींतलं असंच दुसरं प्रथिन), एसजीपीटी आणि प्लेटलेट एकत्र मांडून अंदाज घेतात, गरज पडली तर यकृत किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन करतात.

सगळं पटलं, आणि पुढच्या खेपेला आठवा रिपोर्ट! मी खट्टू झाले. नुसत्या माहितीनं भीती जात नाही हे इतरांना शिकवणारी मी, स्वतः माहितीच वाटत बसले होते.

"घरी दाखवलेत हे कागद?"

"नाही ओ. दुकानातल्या जुन्या वहीत ठेवलेत. माळकरी माणूस मी. लिव्हर म्हटलं की लोक म्हणणार, हा चोरून पितो."

आजाराबद्दल बोलतोय असं मी समजत होते. हा माणूस अब्रूबद्दल बोलत होता. दर पंधरा दिवसांनी तो रक्ताकडून साक्ष मागत होता. घटनेपेक्षा तिला चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. तो अर्थ शोधायचा कुठे, हे मात्र दर वेळी नव्यानं शोधावं लागतं.

"म्हणू दे. मग काय होईल?"

बराच वेळ ते माळेचे मणी फिरवत राहिले. "मग... मी प्यालेलो नाही, हे खरंच राहील की."

तुमच्याही हातात असा रिपोर्ट असेल तर तपासणी परत कधी करायची हे डॉक्टरांना ठरवू द्या. आकडा थोडा वरखाली होतोच, लॅबगणिक मर्यादाही बदलतात. हिपॅटायटिस बी आणि सी तपासले आहेत का, विचारा. चालू असलेले काढे, पुड्या, गोळ्या सगळं सांगा. फॅटी लिव्हर असेल तर वजनात ७ ते १० टक्के घट खूप काही करते. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर माझ्याकडे नको, त्याच दिवशी दवाखान्यात.

चौथ्या भेटीला वहिनी सोबत आल्या. आठही रिपोर्ट त्यांच्याच पर्समध्ये होते.

"दिवसाला सहा कप चहा, दोन-दोन चमचे साखर," त्या म्हणाल्या. "मला विचारलं असतं तर एवढं रक्त काढायची वेळच आली नसती."