पेन्शनच्या पैशातून फेरारी ३२८ घ्यावी का?

तुमचं वय ५६, घर शेफील्डला, कर्ज फिटलेलं. पेन्शनमध्ये ३,४०,००० पौंड, शिवाय ५५,००० बचत. पेन्शनमधली २५ टक्के रक्कम, म्हणजे ८५,००० पौंड, करमुक्त काढायची आणि त्यातल्या ७८,००० ला १९८७ची फेरारी ३२८ जीटीएस घ्यायची, असा बेत तुम्ही पत्रात कळवलाय. ‘ही गुंतवणूकच आहे’ हे तुमचं म्हणणं पत्नीला पटत नाही. मलाही पटत नाही. तरीही फेरारीचा नाद सोडा, असं मी सांगणार नाही.

तुमच्या पत्रातला मला सर्वांत भावलेला भाग आकड्यांचा नाहीच. नोकरीच्या सुरुवातीला एका वरिष्ठांनी स्नेक पासच्या घाटात स्वतःची ३२८ तुमच्या हाती दिली. इंजिन गार असल्यामुळे दुसरा गिअर पडेना, तेव्हा ते म्हणाले, पहिल्यावरून सरळ तिसरा टाक, तेल तापलं की दुसरा पडेल. त्या काळातल्या फेरारीचे बहुतेक मालक हीच आठवण सांगतात. पॉवर स्टिअरिंग नाही, क्लच जड, छप्पर काढून सीटमागे ठेवलेलं आणि पाठीशी ३.२ लिटरचं व्ही-८ इंजिन. या सुखासाठी पैसे मोजावेत, यात काहीच गैर नाही. त्याला गुंतवणूक म्हटलं की मात्र घोळ होतो. मैल वाढले की भाव उतरेल, या धास्तीने गाडी गॅरेजबाहेर निघत नाही, आणि जिच्यासाठी पैसे घातले ती गोष्टच हातून जाते.

भावाचंही बघा. ऑगस्ट १९८८ मध्ये कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले आणि या गाड्यांच्या किमती भडकल्या; नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या कोसळल्या. चढत्या भावात कर्ज काढून घेतलेल्यांचे हाल झाले. ब्रिटनमध्ये खासगी मोटार विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर नाही, हे तुम्ही बरोबर लिहिलंय. पण तोटा झाला तर तोही दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही.

आता पेन्शन. महागाई वजा जाता ४ टक्के परतावा धरला, तर आजचे ७८,००० पौंड तुमच्या ६७व्या वर्षी, म्हणजे सरकारी पेन्शन सुरू होताना, साधारण १,२०,००० झालेले असतील. ते पैसे तुम्हा दोघांच्या म्हातारपणाचे आहेत. शिवाय विमा, सर्व्हिस आणि कोरडी, बंदिस्त जागा यांसाठी मी वर्षाला ४,००० ते ५,००० पौंड धरतो. इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारे टायमिंग बेल्ट तर गाडी उभी असली तरी ठरावीक वर्षांनी बदलावेच लागतात. ३२८ मध्ये हे काम इंजिन जागेवर ठेवून होतं. फेरारीच्याच ३४८ आणि टेस्टारोसा या मॉडेलना मात्र इंजिन खाली उतरवावं लागतं आणि बिल त्याच मापाने फुगतं. त्यामुळे ‘टेस्टारोसाही पाहतोय’ ही ओळ पत्रातून खोडून टाका. गाडीला ४० वर्षं झाली की रोड टॅक्स आणि एमओटी (दरवर्षीची सक्तीची वाहन तपासणी) दोन्हींतून सूट मिळते, पण तपासणी तरीही दरवर्षी करून घ्या.

माझा सल्ला असा, की फेरारीचीच मोन्डियाल ३.२ बघा. इंजिन ३२८ मधलंच, मागे दोन छोट्या सीटही आहेत. दिसायला ३२८ इतकी देखणी नाही म्हणून लोकांनी तिला कायम कमी लेखलं, आणि त्यामुळेच ती बरीच स्वस्त मिळते. एकूण ४०,००० पौंडांची मर्यादा ठेवा: २५,००० पेन्शनमधून, १५,००० बचतीतून. करमुक्त रक्कम एकदम काढायची सक्ती नसते. बचतीत ४०,००० उरतील, त्यातले निम्मे अडीअडचणीसाठी राखून ठेवा.

त्याआधी एखादा शनिवार-रविवार ३२८ भाड्याने घ्या आणि पत्नीला शेजारी बसवून दिवसभर चालवा. स्नेक पासच्या वेळी तुम्ही पंचविशीत होता, आता गुडघे आणि कंबर या क्लचला काय म्हणतात ते कळायला हवं. त्यानंतरही मन ३२८ वरच अडलं, तर तीन-चार वर्षं थांबून तेवढी जादा रक्कम पगारातून साठवा, त्यासाठी पेन्शनला हात लावू नका.

कुठलीही गाडी ठरली तरी व्यवहारापूर्वी विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या जाणकार मेकॅनिककडून गंज, बेल्टची तारीख आणि सर्व्हिसची सगळी कागदपत्रं तपासून घ्या. विकणारा त्याला नाही म्हणाला, तर ती गाडी सोडून द्या.