वाचक विचारतात : पैसा कमी पडला तर आधी कोणाला?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी आफ्रिकेतल्या मलावीत, लिलाँग्वेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हापासून तिथल्या एचआयव्ही दवाखान्यांतली बरीच माणसं घरी बसली, असं तो सांगतो. त्याच्या ऑफिसात वाद चालतो : एवढ्या गरीब देशाने एचआयव्हीवर इतका पैसा का घालावा? मलेरियाने मुलं दगावतात, त्यांचं आधी बघावं. डॉक्टर, तुम्ही तिकडे काम केलं आहे. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, मी झोंबा जिल्ह्यात होते तेव्हा हाच वाद आमच्या जेवणाच्या टेबलावरही व्हायचा. तो खोटा नाही. मलावीत सरकार, दाते आणि लोकांच्या खिशातला मिळून आरोग्यावरचा खर्च माणशी वर्षाला साधारण ४० डॉलर, आणि एचआयव्हीबाधित दहा लाखांच्या आसपास. सगळ्यांना सगळं पुरणार नाही, हे तिथे रोज दिसतं.

तरी माझं मत ठाम आहे. जो एचआयव्हीच्या गोळ्यांवर आहे त्याच्या गोळ्यांत खंड पडता कामा नये. औषध थांबलं की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो आणि जोडीदाराला, बाळाला धोका सुरू होतो. हा खर्च मध्येच सोडून देण्यासारखा नाही.

‘आधी कोण’ हे मलावीने एकदा फार धीटपणे ठरवलं होतं. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं होतं : बाधित गरोदर बाईची सीडी४ तपासणी, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी करा, आकडा ३५० च्या खाली असेल तर कायमची औषधं द्या, नाहीतर तात्पुरती. पण सीडी४ चं मशीन मोजक्याच ठिकाणी. खेड्यातली बाई पाठीला चितेन्जेच्या कापडाने बाळ बांधून चालत यायची, रक्त द्यायची, आणि रिपोर्टसाठी पुन्हा तेवढीच पायपीट. त्यात सरासरी पाच-सहा बाळंतपणं, प्रत्येक मूल दोनेक वर्षं अंगावर पिणार. औषध सुरू-बंद करत राहण्यात काही अर्थ नव्हता. जुलै २०११ पासून मलावीने ती अटच काढून टाकली : बाधित गरोदर आणि स्तनदा बाईला रोज एक गोळी, जन्मभर.

ही टेनोफोविरची गोळी महाग होती आणि ग्लोबल फंडाने (एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी देशांना पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी) देशाचा मोठा प्रस्ताव नुकताच नाकारला होता. म्हणून ती आधी या बायकांना, क्षयरोग्यांना आणि जुन्या औषधाचा गंभीर त्रास असलेल्यांना. बाकीचे स्टॅव्हुडिन या जुन्या औषधावरच राहिले, ज्याने पायांच्या नसांना त्रास होतो. एक सुतार दर खेपेला माझ्यासमोर बूट काढून तळपाय दाखवायचा. मुंग्या येतात, रात्री आग होते म्हणायचा. त्याचा त्रास ‘गंभीर’च्या रकान्यात बसत नव्हता. शेजारच्या बाकावरच्या बाईच्या हातात नवी बाटली, आणि त्याला मी सांगायचे, अजून थांब. निर्णय योग्य होता असं मला आजही वाटतं, पण त्या पायांची आग हिशेबात धरूनच.

औषध सुरू करणाऱ्या गरोदर आणि स्तनदा बायकांची संख्या तिमाहीला १,२५७ होती, ती सव्वा वर्षात १०,६६३ वर गेली. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हाच मार्ग सुचवला. मात्र पहिल्या सहा महिन्यांत सुमारे १७ टक्के बायका औषधासाठी यायच्या बंद झाल्या. अंगात काही दुखत नाही, आजच कळलंय, आणि आजच म्हणतात जन्मभर घे. घरी नवऱ्याला काय सांगायचं? अशा वेळी तिच्याजवळ बसून बोलणारं माणूस लागतं.

म्हणूनच तुमच्या मुलाने सांगितलेली गोष्ट मला फार लागली. मलावीतल्या गोळ्या मुख्यतः ग्लोबल फंडाच्या पैशातून येतात. अमेरिकेच्या पैशावर होती ती माणसं : तपासणी करणारी, समुपदेशक, यायचं बंद केलेल्या रुग्णाच्या घरी जाणारी. हाती थोडा पैसा असेल तर मी तो आधी त्यांच्या पगारावर घालीन. कापायच्याच तर हॉटेलांतल्या कार्यशाळा आणि त्यांचे भत्ते कापावेत.

मलेरियाचं म्हणाल, तर दोन्हीकडे नर्स एकच असते. २००४ नंतर ब्रिटन आणि ग्लोबल फंडाच्या मदतीने मलावीने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ११ संवर्गांना पगारावर ५२ टक्के वाढ दिली. त्यात एचआयव्हीसाठी आलेला पैसाही होता. त्या पगारावर टिकून राहिलेल्या नर्सनेच मलेरियाच्या पोरांना सलाईन लावलं, बाळंतपणंही केली. मुलाला म्हणावं, हे ऑफिसात जरूर सांग.

प्रश्न : एचआयव्हीच्या औषधांत भारतीय कंपन्यांचा वाटा किती?
– फार्मसीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : फार मोठा. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर १० हजार डॉलरच्या पुढे होता. आज डोल्युटेग्राविर हे नवं औषध असलेली एकत्र गोळी ग्लोबल फंडाला माणशी वर्षाला ४५ डॉलरच्या आत मिळते. आपल्याकडे मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधयोजना, १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, मलावीतही त्याच वर्षी. तिथल्या औषधाच्या बाटल्यांवर मी बहुतेक वेळा भारतातलाच पत्ता वाचला आहे.