प्रश्न तुमचे : मैफल आहे, राग नाही

प्रश्न : माझे वय ३८ वर्षे. घरी पती आणि शाळकरी मुलगा आहे. गेली बारा वर्षे मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. लग्नाआधी मी गाणे शिकत होते आणि मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या. पुढे ते सुटले. आता लोकलमध्ये चढले, की कानात गाणी लावून मी वेगळ्याच जगात जाते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा मंच असतो, मागे दोन तानपुरे असतात, मी अबोली रंगाची पैठणी नेसलेली असते आणि माझे गाणे संपेपर्यंत मंडपातले कोणीही जागचे हलत नाही. (घरी तर माझे वाक्यही कोणी पुरे होऊ देत नाही.) रात्री सगळे झोपल्यावर गॅलरीत येरझाऱ्या घालत मी हेच तास-दीड तास रचत राहते. परवा या नादात गॅसवरचे दूध आटून पातेले करपले. हा मानसिक आजार आहे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : करपलेल्या पातेल्याने तुम्ही घाबरला आहात, म्हणून आधी त्याविषयी. जागेपणी मन भरकटणे हा आजार नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी सुमारे २,२५० जणांना दिवसभरात अवचित वेळी फोनवरून मनात काय चालले आहे ते विचारले, तेव्हा जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. मात्र मनोराज्य आवरावेसे वाटूनही आवरत नाही आणि झोप, काम व नाती यांना त्याची झळ पोहोचते, अशा अवस्थेला इस्रायली मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये स्वतंत्र नाव दिले. संगीत आणि येरझाऱ्या यांचे तिच्याशी असलेले नातेही नोंदले गेले आहे. अधिकृत निदानांत तिचा समावेश नाही, तरी रोजची झोप मोडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. तुम्ही पैठणीचा रंग लिहिलात, तानपुरे लिहिलेत, राग मात्र लिहिला नाहीत. इतकी वर्षे गाणे शिकलेल्या बाईच्या मैफलीत राग नसावा, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्या मंडपात तुम्हाला ओढ आहे ती गाण्यापेक्षा, न हलता ऐकणाऱ्या माणसांची असावी. कंसात घातलेले ते एक वाक्य म्हणजेच तुमचे खरे पत्र आहे, असे मी समजतो.

म्हणून ‘गाण्याचा क्लास लावा’ असे मी आज सांगणार नाही. आठ दिवसांत आवाज लागत नाही म्हणून तुम्ही खचाल आणि गॅलरीतला मंच अधिकच गोड वाटू लागेल. त्याऐवजी एका रात्री जेवणे आटोपल्यावर, टीव्ही बंद करून, हे पत्र पतीला वाचून दाखवा. ते मध्येच बोलू लागले, तर ‘माझे पुरे होऊ द्या’ असे शांतपणे, पण स्पष्ट म्हणा. हे म्हणण्याची तुमची सवयच मोडली असावी. लोकलमध्येही आठवड्यातून दोन दिवस कान मोकळे ठेवा आणि रोज भेटणाऱ्या बायकांच्या गप्पांत बसा.

महिनाभराने ती मैफल पुन्हा मनात आली, तर तिला हाकलू नका. मंचावर तुम्ही काय गाता आहात, ते नीट ऐका. राग ओळखू आला, तर तानपुऱ्याचे ॲप उघडून षड्ज लावा, आणि मला कळवा.