परवाना मिळेल, पाय कुठे ठेवणार?

वाचकाचा प्रश्न

ताई, नमस्कार. मी कोलंबस, ओहायो इथे राहतो, एच-वन-बी व्हिसावर आहे. ऑफिसातल्या मित्रांमुळे शिकारीची गोडी लागली आणि मचाणावर बसून व्हाइटटेल हरीण मारलेलं आहे. पुढच्या वर्षी वायोमिंगला येऊन प्राँगहॉर्नची, म्हणजे तिथल्या माळावरच्या काळविटासारख्या दिसणाऱ्या जनावराची, शिकार करायची आहे, तीही गाइड न घेता. एक मित्र सोबत येईल, तोही नवखाच. इथले जाणकार सांगतात की पूर्व वायोमिंगचं लायसन्स पटकन मिळतं, तिथेच अर्ज टाक. माझ्याकडे .350 लेजंड रायफल आहे, ती चालेल का? विमानाने यावं की गाडीने? मांस घरी कसं न्यायचं? व्हिसा आड येईल का? आणि आई कोल्हापूरहून फोनवर म्हणते, काळविटाला हात लावशील तर तुरुंगात जाशील. तिला काय सांगू?
— एक वाचक, कोलंबस

उत्तर

सप्रेम नमस्कार. जाणकारांचा सल्ला अर्धा खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच पहिल्यांदा येणारी माणसं अडकतात. पूर्वेकडच्या काही भागांत लायसन्स खरोखरच सहज मिळतं. पण ते सहज का मिळतं, हे विचारा. तिथली बहुतेक जमीन खाजगी रँचची आहे. मी इथे वायोमिंगमधल्या कॅस्परला राहते. दर सप्टेंबरात पेट्रोल पंपावर बाहेरच्या राज्यांच्या नंबरप्लेटा दिसतात, आणि खिशात लायसन्स असूनही कुंपणाबाहेरून कळप बघत बसलेली पोरं भेटतात. मला त्यांचं फार वाईट वाटतं. म्हणून तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांच्या आधी हे: जमीन आधी ठरवा, अर्ज नंतर.

वायोमिंग गेम अँड फिश खात्याच्या संकेतस्थळावर 'हंट प्लॅनर' नावाचा नकाशा आहे. त्यात प्रत्येक हंट एरियाच्या, म्हणजे लायसन्स ज्या भागापुरतं मिळतं त्याच्या, सीमा दिसतात. त्यावर जमिनीची मालकी चढवून बघा. नकाशांवर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे बीएलएमची जमीन पिवळी असते, राज्याची निळी आणि खाजगी पांढरी. तुमच्यासारख्याने पिवळा रंग सलग पसरलेला आणि त्याला सार्वजनिक रस्ता भिडलेला एरिया शोधायचा. पांढऱ्याच्या मधोमध एकटा पडलेला पिवळा चौकोन कागदावर तुमचा असतो, प्रत्यक्षात तिथे पोचायला वाट नसते. शिवाय खात्याच्या 'ॲक्सेस येस' योजनेत काही रँचमालकांनी जमीन शिकारीला खुली केली आहे. त्यातल्या 'वॉक-इन एरिया'त थेट चालत जाता येतं आणि 'हंटर मॅनेजमेंट एरिया'साठी आधी परवानगीची चिठ्ठी काढावी लागते. दोन्हींचे नियम दर वर्षी बदलू शकतात, तेव्हा त्या वर्षीचाच नकाशा घ्या.

दक्षिण वायोमिंगचा नकाशा उघडलात तर बुद्धिबळाचा पट दिसेल. 1862 च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने आणि 1864 च्या दुरुस्तीने युनियन पॅसिफिकला रुळांच्या दोन्ही बाजूंना वीस वीस मैलांपर्यंत एकाआड एक चौरस मैल जमीन दिली, आणि मधले चौकोन सरकारकडे राहिले. सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यावरून तिरपं पलीकडच्या सरकारी चौकोनात पाऊल टाकलं तर ती घुसखोरी होते का, यावर मोठा खटला झाला. मिझुरीच्या काही शिकाऱ्यांनी कोपऱ्यावर शिडी उभी करून, खाजगी जमिनीला पाय न लावता पलीकडे पाऊल टाकलं होतं. मार्च 2025 मध्ये दहाव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने (वायोमिंग त्याच्याच अखत्यारीत येतं) त्यांच्या बाजूने निकाल दिला. मला तो निकाल योग्यच वाटतो. तरीही पहिल्या खेपेला तुमचा सगळा बेत अशा कोपऱ्यांवर बेतू नका. कोपरा नेमका कुठे आहे हे मोबाइलवरचा ठिपका सांगतो त्यात काही फुटांची चूक असते, आणि चूक तुमच्या अंगावर येते.

एक गोष्ट मनावर कोरून घ्या. वायोमिंगमध्ये 'प्रवेश बंद'ची पाटी नसली म्हणजे जमीन मोकळी, असं नाही. खाजगी जमिनीवर शिकारीसाठी मालकाची परवानगी लागतेच, आणि तिचा पुरावा जवळ हवा. रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या पलीकडे गोळी झाडणंही गुन्हा आहे. उन्हाळ्यातच त्या भागाच्या गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम राखणाऱ्या अधिकाऱ्याला, आणि खात्याच्या जीवशास्त्रज्ञाला फोन करा. ही माणसं मनापासून बोलतात. 'माझी पहिलीच वेळ आहे, कोणत्या सरकारी जमिनीवर जनावरं टिकून राहतात?' असं सरळ विचारा.

लायसन्स सोडतीने मिळतं. अर्जाची मुदत बाहेरच्या राज्यांतल्यांसाठी जूनच्या अगदी सुरुवातीला संपते आणि सोडतीचा निकाल जूनमध्येच लागतो. उरलेली लायसन्स जुलैत विकायला येतात. अलीकडच्या वर्षांत बाहेरच्यांसाठी साधं लायसन्स 326 डॉलर आणि अर्जाचे 15 असं आहे. 'स्पेशल' नावाचा दुसरा गठ्ठा 1200 डॉलरचा आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. मादी-पिल्लाचं म्हणजे 'डो-फॉन' लायसन्स 34 डॉलरला मिळतं. माझं मत विचाराल तर ज्या एरियात ते उपलब्ध असेल तिथे पहिल्या वर्षी मादीचंच लायसन्स काढा. शोधणं, सरपटत जाणं, नेम, सोलणं, मांस थंड करणं, सगळं तेच शिकायला मिळतं. शिंगांचा हव्यास नसला की माणूस लांबून घाईने गोळी टाकत नाही. डो-फॉनच्या काही लायसन्सना एरियाचा ठरावीकच तुकडा लागू असतो, तेवढी तळटीप वाचून घ्या.

आता व्हिसा. इथे चूक झाली तर शिकारच नाही, इथलं बस्तान हलेल. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-वन-बीसारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मुळात बंदी आहे. त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यातला तुमच्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं वैध हंटिंग लायसन्स. तुमच्याकडे ओहायोचं असेलच, पण त्याची तारीख संपली आणि रायफल कपाटात तशीच राहिली, तर अपवाद संपला आणि बंदी उरली. नूतनीकरण मुदतीच्या आधी करत चला. ग्रीन कार्ड मिळालेल्यांना ही अट नाही. यावर एकदा वकिलाशी बोलून घ्या, मित्राच्या अनुभवावर विसंबू नका.

रायफलबद्दल. ओहायोत हरणासाठी सरळ, तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या काडतुसांचीच रायफल चालते, म्हणून तुमच्याकडे .350 लेजंड आहे. दीडशे यार्डांच्या आत ती उत्तम काम करते. पण इथे झाड नाही, मचाण नाही, आणि प्राँगहॉर्नची नजर इतकी तिखट की मैलावरून त्याने तुम्हाला आधीच पाहिलेलं असतं. .243 विंचेस्टर किंवा 6.5 क्रीडमूर अशी लांब पल्ल्याची रायफल उसनी मिळाली तरी बघा. ती 200 यार्डांवर शून्य करा, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमकी नेमावर बसेल अशी जुळवा. बाकावर टेकून सराव करण्यात अर्थ नाही. पोटावर पडून, पिशवीवर नळी टेकवून, आणि बसून काठ्यांच्या आधाराने गोळ्या झाडा, शक्यतो वारा असलेल्या दिवशी. हे जनावर खांद्याशी जेमतेम तीन फूट उंच असतं. व्हाइटटेलची सवय असलेल्या डोळ्याला ते आहे त्याहून लांब वाटतं, तेव्हा अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरशिवाय येऊ नका. आणि 250 यार्डांपुढे पहिल्या वर्षी अजिबात नको. जखमी होऊन क्षितिजापार गेलेलं जनावर या उघड्या माळावर तुम्हाला कधीच सापडणार नाही.

जवळ कसं जायचं? सकाळी उंचवट्यावर दुर्बीण लावून बसा. कळप दिसला की उठून त्याच्या दिशेने चालू नका. मधली घळ शोधा, वारा तोंडावर घ्या, आणि शेवटचा टप्पा हातापायांवर. गुडघ्याला पॅड आणि हातात चामड्याचे मोजे हवेतच, कारण गवतात निवडुंग दडलेला असतो. प्राँगहॉर्न कुंपणावरून सहसा उडी मारत नाही, खालच्या तारेखालून सरपटून जातो. त्या तारेला अडकलेले पांढरे-तपकिरी केस आणि खालची घासून गुळगुळीत झालेली माती शोधा. ती त्यांची नेहमीची वाट असते, आणि दुपारी तिथून शंभर यार्डांवर गप्प बसलं तर पाठलागापेक्षा जास्त हाती लागतं. अंगावर एक तरी वरचा कपडा झगझगीत नारंगी किंवा गुलाबी हवा, तो नियमच आहे.

विमान की गाडी? गाडीच. कोलंबसहून वायोमिंगमधलं चेयेन सुमारे 1250 मैल, दोघे आलटून पालटून चालवलीत तर दोन दिवस. विमानातही रायफल नेता येते, रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून, पण परतीचं मांस अवघड होतं. गाडीतही रायफल रिकामी, पेटीत बंद आणि हाताशी न येईल अशी ठेवा, काडतुसं वेगळी, कारण मधल्या राज्यांचे कायदे एकसारखे नाहीत. दोन स्टेपनी आणा. पाऊस पडला की इथल्या बेंटोनाइटच्या मातीचा 'गंबो' होतो. आमच्या नगरकडच्या कर्जतच्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडी रुतायची, तसंच तिथे फोर-बाय-फोर रुततं. ढग दाटले की कच्च्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर या, माती सुकेपर्यंत थांबा. बीएलएमच्या जमिनीवर तंबू ठोकता येतो. राज्याच्या निळ्या चौकोनात शिकार चालते, पण मुक्काम आणि शेकोटी चालत नाही. मित्र सोबत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मोबाइलची रेंज नसते, उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र भाड्याने तरी घ्या.

मांसाचं जरा सविस्तर सांगते, कारण 'अँटिलोपच्या (प्राँगहॉर्नला इथे असंही म्हणतात) मांसाला उग्र वास येतो' असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी ते उन्हात तापवलेलं असतं. सप्टेंबरात दुपारी पंचवीस-तीस अंश सेल्सिअस सहज होतं. जनावर पडलं की लायसन्सचं कूपन भरून लगेच पोट उघडा, आणि फोटोंत वेळ न घालवता कातडंही तिथेच काढा. या जनावराचे केस आतून पोकळ असतात, ते ऊब धरून ठेवतात. सुरीची धार आतून वर ठेवून कापा. बाहेरून खाली कापलंत तर केस तुटून मांसाला चिकटतात आणि एकेक वेचत बसावं लागतं. मागच्या पांढऱ्या चकत्यापाशी गंधग्रंथी असतात, तिथे लागलेला हात धुतल्याशिवाय मांसाला लावू नका. चारही तंगड्या, पाठीचे दोन पट्टे आणि आतली टेंडरलॉइन सुती पिशव्यांत घालून सावलीत टांगा, मग कूलरमध्ये. कूलरमध्ये सुटा बर्फ नको, घरूनच गोठवून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, म्हणजे मांस पाण्यात पोहत नाही. नर-मादी ओळखू येईल असा पुरावा मांसासोबत ठेवावा लागतो, त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत तो कसा ठेवायचा ते बघा. हाडं काढल्यावर एका जनावराचं मांस साधारण 30 ते 40 पौंड भरतं. दोघांची जनावरं दोन मोठ्या कूलरमध्ये बसतात. त्यात चरबी जवळपास नसते, म्हणून पाठीचा पट्टा कुकरला लावू नका, तव्यावर दोन्हीकडून झटपट परता. तंगड्यांचा खिमा करून आमच्या नगरी काळ्या मसाल्यात शिजवा, मग मला कळवा.

आईचं बोलणं खोटं नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला सर्वांत कडक संरक्षण दिलं आहे, आणि ते हवंच. माझं माहेर कर्जत तालुक्यातलं, रेहेकुरी अभयारण्याजवळचं. तिथले काळवीट ज्वारीत शिरायचे, वडील रात्री राखणीला जायचे, पण कळपावर आमच्या घराचा जीवही होता. आईंना सांगा की प्राँगहॉर्न काळविटाच्या कुळातलं नाही. त्याच्या कुळातलं ते पृथ्वीवर उरलेलं एकटंच जनावर आहे, आणि इथे किती मारायची हे खातं दर वर्षी मोजून ठरवतं. 2022-23 च्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमध्ये बर्फाने कळपच्या कळप मेले, तेव्हा खात्याने लायसन्स मोठ्या प्रमाणावर कमी केली. इथल्या शिकाऱ्यांनी ते मान्य केलं. मला इथल्या पद्धतीबद्दल आदर वाटतो तो यामुळे. फक्त शिंगं आठवण म्हणून कोल्हापूरला नेऊ नका, कस्टममध्ये नसती भानगड होईल.

एरिया निवडलात की अर्ज टाकण्याआधी त्याचा नंबर मला लिहून पाठवा. मे महिन्याच्या मध्यापर्यंत पाठवलात तर नकाशावर जाण्याच्या वाटा बघून मी उत्तर देऊ शकेन.

— तुमची ताई, कॅस्पर